भूलतज्ज्ञाच्या हाती सोनोग्राफी: महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र



नडगीचे हाड मोडलेल्या, घोट्यात प्लेट बसवलेल्या किंवा मधुमेहामुळे पायाचे सडलेले बोट काढावे लागलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री सोसावी लागणारी वेदना आज बहुतांशी टाळता येण्याजोगी आहे. ती टाळण्याचे साधन मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नित्य वापरात आहे. तालुक्याच्या गावी ते क्वचितच पोहोचते, आणि त्याचे एक मोठे कारण असे की, ते साधन म्हणजे सोनोग्राफी यंत्र आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी यंत्रावर योग्यच बंधने घातली आहेत. परंतु ती बंधने घालताना शस्त्रक्रियागृहातील भूलतज्ज्ञाचा स्वतंत्र विचार झालेला नाही. त्या कायद्याच्या कलम 16-अ अन्वये स्थापन झालेल्या राज्य पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्षपद राज्याच्या आरोग्यमंत्र्यांकडे पदसिद्ध असते, आणि कायद्याच्या अंमलबजावणीबाबत केंद्रीय मंडळाला शिफारशी करणे हे त्या मंडळाचे एक विहित कार्य आहे, म्हणून हे निवेदन आपल्याकडे.

प्रश्न समजण्यासाठी आधी पायाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गुडघ्याखालच्या पायाची संवेदना मुख्यतः दोन वाटांनी मेंदूकडे जाते. कमरेच्या व त्याखालच्या माकडहाडाजवळच्या भागातून निघून मांडीच्या मागच्या बाजूने उतरणारा सायॅटिक मज्जातंतू, जो शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू आहे, गुडघ्याच्या लवणीच्या थोडा वर टिबियल आणि कॉमन पेरोनियल अशा दोन शाखांत विभागतो, आणि पोटरी, टाच, तळपाय व घोट्याची बाहेरची बाजू अशा बहुतेक भागाची संवेदना या दोन शाखांकडे असते. उरलेली पायाची आतली कड, म्हणजे नडगीच्या आतल्या अंगापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंतची पट्टी, मांडीच्या पुढच्या बाजूने येणाऱ्या फिमोरल मज्जातंतूच्या सॅफेनस या शाखेकडे असते. म्हणून लवणीत सायॅटिकजवळ आणि मांडीच्या आतल्या बाजूस सॅफेनसजवळ, अशा दोन ठिकाणी बधिरतेचे औषध सोडले, तर गुडघ्याखालचा जवळजवळ सगळा पाय काही तासांसाठी वेदनामुक्त होतो. मज्जातंतूजवळ औषध सोडून त्याचे संदेशवहन तात्पुरते थांबवण्याच्या या पद्धतीला नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

राज्यातील बहुसंख्य रुग्णालयांत पायाची शस्त्रक्रिया कमरेतून इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भूल देऊन, केली जाते. ही पद्धत स्वस्त, जलद आणि खात्रीची आहे, व तिचे महत्त्व कमी लेखण्याचे काही कारण नाही. तिची मर्यादा तिच्या अवधीत आहे. बहुधा दोन-तीन तासांत तिचा अंमल ओसरतो, आणि सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची खरी वेदना दुपारी किंवा संध्याकाळी, शस्त्रक्रियागृहातील मंडळी घरी गेल्यावर आणि वॉर्डात एका परिचारिकेकडे अनेक खाटा असताना, सुरू होते. त्या वेळी हाताशी असते ते डायक्लोफेनॅकचे किंवा ट्रामाडॉलचे इंजेक्शन. डायक्लोफेनॅक हे मूत्रपिंडावर ताण आणणारे औषध आहे आणि ज्या मधुमेही रुग्णाच्या पायावर शस्त्रक्रिया होते त्याचे मूत्रपिंड अनेकदा आधीच दुबळे झालेले असते. ट्रामाडॉलने मळमळ व उलट्या होतात आणि तीव्र वेदनेपुढे ते अपुरे पडते. मॉर्फिनसारखे प्रभावी औषध लहान रुग्णालयांत अजूनही सहज मिळत नाही. परिणामी रुग्ण रात्र कण्हत काढतो, आणि शस्त्रक्रिया म्हटल्यावर दुखायचेच, असे त्याला सांगितले जाते. हे सांगणे आता शास्त्राला धरून नाही.

नर्व्ह ब्लॉक ही कल्पना नवी नाही. 1884 मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा वापर केला आणि त्यानंतर थोड्याच काळात मज्जातंतूंभोवती औषध सोडण्याचे प्रयोग सुरू झाले. अडचण होती ती मज्जातंतू शोधण्याची. अनेक दशके भूलतज्ज्ञ हाडांच्या खुणा, धमनीचे ठोके आणि सुई टोचल्यावर रुग्णाला येणारी झिणझिणी यांवरून अंदाज बांधत असत. पुढे विद्युत उत्तेजक आला, ज्यात सुईतून सूक्ष्म प्रवाह सोडून पाऊल हलले की सुई मज्जातंतूजवळ पोहोचली असे समजले जाई. मोडलेल्या हाडाच्या रुग्णात पाऊल असे हलवणे म्हणजे वेदनेत भर. शिवाय दोन्ही पद्धतींत सुईचे टोक प्रत्यक्ष कोठे आहे हे दिसत नसे, त्यामुळे खात्रीसाठी औषधाची मात्रा वाढवावी लागे आणि शेजारच्या रक्तवाहिनीत औषध जाण्याची भीती कायम राही. 1994 मध्ये व्हिएन्नातीलच स्टेफान काप्राल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या शस्त्रक्रियेसाठी सोनोग्राफीच्या प्रत्यक्ष चित्रावर पाहत ब्लॉक देण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि तेथून या शाखेचे स्वरूप बदलले.

सोनोग्राफीत काय दिसते, हे जाणून घेणे धोरण ठरवणाऱ्यांसाठीही उपयोगाचे आहे. लवणीवर प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडून परतणारे प्रतिध्वनी टिपणारा यंत्राचा हाती धरायचा भाग, ठेवल्यावर आधी ठोके देणारी धमनी दिसते, तिच्या वर दाबाने मिटणारी शीर, आणि त्याहून थोड्या बाहेरच्या बाजूस, त्वचेच्या अधिक जवळ, मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखा ठिपकेदार सायॅटिक मज्जातंतू. रुग्णाने पाऊल हलवले, किंवा मदतनिसाने ते हळुवार हलवून दिले, की त्याच्या दोन शाखा आळीपाळीने वर-खाली होताना दिसतात, ज्यामुळे ओळख पक्की होते. मग सुई प्रोबच्या रेषेतून आत जाते, तिचे टोक पडद्यावर सतत नजरेखाली राहते, आणि औषध सोडताना मज्जातंतूभोवती काळे वलय तयार होत जाते. औषध चुकीच्या थरात जात असेल तर वलय दिसत नाही आणि सुई तेथेच सावरता येते. औषध नेमके कोठे गेले हे त्याच क्षणी डोळ्यांनी पाहता येणे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

पाहता येण्याचे मोल औषधाच्या मात्रेत सर्वाधिक जाणवते. ब्यूपिव्हाकेन हे या कामातील नेहमीचे औषध शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण 2 मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित मानले जाते. म्हणजे 50 किलो वजनाच्या रुग्णाला एकूण 100 मिलिग्रॅम, जे अर्धा टक्का तीव्रतेच्या औषधाच्या 20 मिलिलिटरमध्येच संपते. अंदाजाने दिलेल्या दोन ब्लॉकमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, आणि ग्रामीण भागातील कृश रुग्णांत तर ती आणखी लवकर येते. औषध रक्तात अति प्रमाणात गेल्यास आकडी येऊन हृदय बंद पडू शकते. ऑस्ट्रेलेशियातील 25 हजारांहून अधिक ब्लॉकच्या नोंदींचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की, सोनोग्राफीच्या वापराने ही विषबाधा होण्याचा धोका घटतो. ब्लॉक यशस्वी होण्याचे प्रमाण वाढते, हेही यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून पुढे आले आहे. मज्जातंतूला होणारी दीर्घकालीन इजा मात्र सोनोग्राफीमुळे निश्चित कमी होते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. ती मुळातच विरळ असते. या पद्धतीची बाजू मांडताना हेही सांगितले पाहिजे.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मधुमेही रुग्णाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी ज्यांच्या पायाला जखम होऊन ती चिघळते, त्यांना वारंवार शस्त्रक्रियागृहात यावे लागते: आज मृत ऊतक काढणे, आठवड्याने बोट काढणे, पुढे त्वचारोपण. असा रुग्ण अनेकदा हृदयविकाराचा असतो, रक्त पातळ करणारी औषधे घेत असतो आणि त्याचे मूत्रपिंड कमजोर असते. रक्त गोठण्याची क्रिया मंदावलेली असताना कमरेत सुई घालणे धोक्याचे, कारण मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव झाल्यास दोन्ही पाय लुळे पडू शकतात. पूर्ण भूल देणे हृदयाला पेलवेल की नाही याची शंका. लवणीतला किंवा घोट्याचा ब्लॉक अशा वेळी पूर्ण शस्त्रक्रियेला पुरतो, रक्तदाब जवळपास स्थिर राहतो आणि रुग्ण थोड्याच वेळात जेवूही शकतो. घोट्याच्या ब्लॉकमध्ये पावलाकडे जाणारे पाच मज्जातंतू वेगवेगळे बधिर केले जातात, आणि पुढच्या पावलावरील शस्त्रक्रियेसाठी तेवढे पुरेसे असते. जे रुग्ण भूल सोसणार नाहीत म्हणून जिल्ह्याहून पुण्याला किंवा मुंबईला पाठवले जातात, त्यांतील कित्येकांवर जिल्ह्यातच उपचार होऊ शकतात. प्रवासात जाणाऱ्या तासांची किंमत पायाने, कधी जिवाने, मोजावी लागते.

अस्थिशल्यचिकित्सकांचा एक आक्षेप येथे गांभीर्याने घ्यावा लागतो. नडगीच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर पोटरीच्या स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यांत सूज वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोमचा, धोका असतो. तो वेळीच ओळखून कप्पे उघडले नाहीत तर स्नायू कायमचे निकामी होतात. वाढती, औषधाला न जुमानणारी वेदना हे त्याचे पहिले लक्षण असते, आणि ब्लॉकने तेच झाकले जाईल अशी त्यांची भीती आहे. ही भीती रास्त आहे. तिचे उत्तर रुग्ण निवडण्यात आहे. जोरदार आघाताने झालेले नडगीचे फ्रॅक्चर, चिरडलेला पाय, आधीच ताठरलेली पोटरी अशा रुग्णांत ब्लॉक टाळावा, अथवा शल्यचिकित्सकाशी बोलून, सौम्य तीव्रतेचे औषध वापरून आणि दर तासाला पाय तपासण्याची व्यवस्था असेल तरच द्यावा. घोट्याचे साधे फ्रॅक्चर, टाचेच्या कंडरेची शस्त्रक्रिया किंवा मधुमेही पाऊल यांत हा धोका बराच कमी असतो. नडगीत रॉड घालण्याच्या शस्त्रक्रियेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तिची जखम गुडघ्यासमोर असते आणि रक्तप्रवाह रोखणारा पट्टा मांडीवर बांधलेला असतो, जेथे लवणीतला ब्लॉक पोहोचत नाही. म्हणून तेथे स्पायनल भूल राहतेच आणि ब्लॉक, दिला तर, फक्त नंतरच्या वेदनेसाठी असतो.

ब्लॉकची आणखी एक बाजू वॉर्डातल्या प्रत्येक परिचारिकेला शिकवावी लागेल. औषधाचा परिणाम 12 ते 24 तास टिकतो व नंतर उतरतो, आणि त्या वेळी वेदना एकदम उसळते. ती उसळू नये म्हणून बधिरता असतानाच पॅरासिटामॉलसारखी औषधे घड्याळ लावून सुरू करावी लागतात. पाय बधिर असेपर्यंत पाऊल उचलता येत नाही, म्हणून रुग्णाला एकटे उठू देऊ नये, आणि शेकण्याची पिशवी त्या पायाजवळही नेऊ नये, कारण भाजल्याचे त्याला कळणार नाही.

आता कायद्याकडे वळू. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या लढ्यात महाराष्ट्र अग्रभागी राहिला आहे. 1988 मध्ये या राज्याने देशातील पहिला असा कायदा केला, त्यानंतर 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याची अंमलबजावणी होत नाही हे पाहून 2000 मध्ये सेहत व मासूम या महाराष्ट्रातील संस्थांनी आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 2003 मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही राज्यात 0 ते 6 वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेतील 913 वरून 2011 मध्ये 894 वर आली. म्हणून कायदा सैल करण्याची कोणतीही मागणी या पत्रात नाही. भूलतज्ज्ञांची सोय करण्याच्या नावाखाली एकही यंत्र नोंदणीबाहेर राहू नये, असेच येथे प्रतिपादन आहे.

अडचण अशी की, कायदा यंत्राकडे त्याच्या क्षमतेवरून पाहतो, त्याच्या वापरावरून नाही. गर्भाचे लिंग दाखवू शकणारे कोणतेही यंत्र नोंदणीकृत जागेतच असले पाहिजे. 2012 मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनुसार सहज हलवता येणारे यंत्र नोंदणीकृत आवारातच, तेथील दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर वैद्यकीय सेवांसह फिरणाऱ्या वैद्यकीय पथकात वापरता येते. आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदवता येते. लहान शहरांतील भूलतज्ज्ञाच्या कामाची पद्धत याच्या नेमकी विरुद्ध आहे. तो कोणत्याही एका रुग्णालयाचा नसतो; सकाळी एका प्रसूतिगृहात, दुपारी अस्थिरुग्णालयात, रात्री अपघाताच्या रुग्णासाठी तिसरीकडे, अशी त्याची धावपळ असते. ज्या छोट्या अस्थिरुग्णालयात सोनोग्राफी केंद्रच नाही, तेथे एका ब्लॉकसाठी स्वतंत्र नोंदणी करणे, 25 हजार रुपये शुल्क भरणे आणि तपासणीच्या चौकशांना तोंड देणे कोणताही मालक पत्करत नाही. नियमभंगाला तीन वर्षांपर्यंत कारावास असल्यामुळे भूलतज्ज्ञही यंत्रापासून दूर राहतो. पदव्युत्तर शिक्षण घेताना ज्याने सोनोग्राफीवर ब्लॉक शिकले, तो बंधपत्रित सेवेसाठी उपजिल्हा रुग्णालयात गेला की पुन्हा अंदाजाच्या पद्धतीकडे किंवा नुसत्या डायक्लोफेनॅककडे वळतो. शासनाने त्याला जे शिकवले ते शासनाच्याच रुग्णालयात वापरता येऊ नये, ही अवस्था खेदजनक आहे.

असाच पेच याआधी एकदा सोडवला गेला आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनवर इतकी कडक बंधने घातली की कर्करोगाच्या रुग्णांनाही ते मिळेनासे झाले. वेदनाशमनासाठी झटणाऱ्या डॉक्टरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर 2014 मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली, अत्यावश्यक मादक औषधांचा वेगळा वर्ग निर्माण केला, अनेक परवान्यांची जाचक साखळी तोडली, आणि तरीही तस्करीविरुद्धची कडक शिक्षा कायम ठेवली. लिंगनिवडीविरुद्धच्या कायद्यातही तोच मार्ग मोकळा आहे.

तांत्रिक बाजूही अनुकूल आहे. गुडघ्याखालच्या पायाच्या ब्लॉकसाठी सपाट कडेचा, उच्च वारंवारतेचा लिनियर प्रोब वापरला जातो, ज्याची नजर त्वचेखाली चार-पाच सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट असते. गर्भाच्या तपासणीसाठी कमी वारंवारतेचा, खोलवर पाहणारा वक्र प्रोब लागतो. लिनियर प्रोबने गर्भ कधीच दिसणार नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल, म्हणून निव्वळ प्रोबच्या प्रकारावर विसंबून चालणार नाही. परंतु फक्त लिनियर प्रोबच जोडता येईल अशा, उत्पादकाने तशी हमी दिलेल्या यंत्रांचा 'भूल व वेदनाशमन' असा स्वतंत्र नोंदणीवर्ग केला, त्यांवर प्रत्येक वापराची नोंद ठेवणारे उपकरण बसवले आणि गर्भवतीवर त्या यंत्राचा वापर पूर्णपणे निषिद्ध ठरवला, तर पळवाट उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे असेच नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याचा आदेश निघाला तेव्हा त्याला आव्हान दिले गेले आणि 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. देखरेखीचे असे साधन राज्याला परके नाही. या वर्गातील यंत्राची नोंदणी जागेऐवजी भूलतज्ज्ञाच्या नावे व्हावी, जिल्ह्यातील ज्या रुग्णालयांत तो काम करतो त्यांची यादी समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे कायद्याने जिल्ह्यात नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, असावी, आणि दोन केंद्रांची मर्यादा या वर्गाला लागू नसावी. नियम बदलणे केंद्राच्या हाती असले, तरी ही शिफारस राज्य मंडळ करू शकते.

काही गोष्टी मात्र केंद्राची वाट न पाहता होण्याजोग्या आहेत. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांपैकी ज्यांची सोनोग्राफी केंद्र म्हणून आधीच नोंदणी आहे, तेथे त्याच नोंदणीत शस्त्रक्रियागृहासाठी एक यंत्र आणि तेथील भूलतज्ज्ञांची नावे समाविष्ट करण्यास आजचे नियमही आड येत नाहीत. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना एक स्पष्ट परिपत्रक आणि खरेदीची तरतूद पुरेशी आहे. यंत्रासोबत विषबाधेवरील उतारा म्हणून वापरले जाणारे 20 टक्के लिपिड इमल्शन शस्त्रक्रियागृहात ठेवणे बंधनकारक करावे, कारण ते नसताना मोठ्या मात्रेचा ब्लॉक देणे अयोग्य आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेच्या एकत्रित दरात भूल धरलेली असल्याने ब्लॉक देणाऱ्या रुग्णालयाला त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही. पायाच्या शस्त्रक्रियांसाठी त्यात माफक भर घालता येईल. प्रशिक्षणासाठी राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे भूलशास्त्र विभाग आहेत.

कायद्यानुसार राज्य पर्यवेक्षक मंडळाची बैठक दर चार महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. येत्या बैठकीच्या कार्यसूचीवर हा विषय घ्यावा, भूलतज्ज्ञ व अस्थिशल्यचिकित्सक यांच्यासोबत मुलींच्या जन्महक्कासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या प्रतिनिधींनाही चर्चेस बोलवावे, आणि शस्त्रक्रियागृहातील यंत्राबाबतचे परिपत्रक त्याआधीच काढावे, ही आपणास विनंती आहे.